या रविवारी जमेल का?

वधू-वर मंडळाच्या नोंदणी-अर्जात विचारायचं काही शिल्लक ठेवलेलं नसतं. जन्मवेळ, गोत्र, नाड, गण, मंगळ सौम्य की कडक, चष्मा आहे का, असल्यास नंबर, मामांचं मूळ गाव आणि शेवटी 'अपेक्षा'. निवृत्तीनंतर घरात सारखा पायात येतो अशी तक्रार आल्यामुळे मी आमच्या मंडळात रविवारी सकाळी हे अर्ज तपासायला बसतो. तिथे बसून बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. हल्लीची लग्नं पत्रिकेत अडत नाहीत. हुंड्यात अडायचे दिवस गेले असं निदान तोंडाने तरी सगळे म्हणतात. पगारात अडायचा तर प्रश्नच नाही, कारण दोन्हीकडचे आकडे ऐकून आमच्या खजिनदारांना घाम फुटतो. हल्लीची लग्नं अडतात कॅलेंडरात. आणि पुढे पाळणाही तिथेच अडतो.

परवा मुलीचे काका मंडळाच्या फोनवरून मुलाच्या आईशी बोलत होते. फोन स्पीकरवर होता. मंडळात सगळे फोन स्पीकरवरच असतात, त्याशिवाय कार्यकर्ते टिकत नाहीत.

'वहिनी, या रविवारी जमेल का?'

'या रविवारी त्याचं रिलीज आहे हो.'

'अरे वा! चिरंजीव सिनेमात आहेत?'

'नाही, सॉफ्टवेअरचं रिलीज.'

'बरं. मग पुढच्या?'

'पुढच्या रविवारी सपोर्टला बसायचंय त्याला. रिलीज झालं की ते बिघडतं.'

'आणि त्याच्या पुढच्या?'

'त्या रविवारी तो झोपणार आहे. दोन आठवड्यांची झोप राहिलीय बिचाऱ्याची.'

चौथा रविवार मुलाकडे मोकळा निघाला, पण मुलीकडे परदेशातून क्लायंट येणार होता. शेवटी बुधवारी रात्री पावणेअकराला व्हिडिओ कॉल ठरला. मुलगी बंगळुरूत, मुलगा हिंजवडीत, दोघांचे आईवडील आपापल्या दिवाणखान्यात आणि मुलाची आत्या नाशिकहून. आमंत्रण मुलाने पाठवलं. विषय होता, 'ओळख, ३० मिनिटं'. सुरुवातीला मुलीच्या वडिलांनी घराण्याची साद्यंत माहिती दिली. कोकणातलं मूळ घर, पणजोबांचं कीर्तन, धाकट्या भावाची आयुर्विम्यातली बढती. ती कोणालाच ऐकू आली नाही, कारण ते म्यूटवर होते. मग मुलीने मुलाला विचारलं, 'पुढच्या पाच वर्षांत तू स्वतःला कुठे बघतोस?' मुलाने सराईतपणे उत्तर दिलं. मुलाखतीचा दोघांनाही दांडगा सराव. सव्वाअकराला मुलगा म्हणाला, 'सॉरी, मला दुसरा कॉल आहे. बाकीचं आपण ऑफलाइन घेऊ या.' आणि खिडकी बंद झाली.

नाशिकच्या आत्यांनी लगेच भावाला फोन केला. 'अरे, नाही म्हणाला का रे तो?'

तो नाही म्हणाला नव्हता. उलट त्याला मुलगी मनापासून आवडली होती. मुलीलाही तो आवडला आहे. प्रत्यक्ष भेट तेवढी राहिली आहे, ती पुढच्या तिमाहीत ठेवली आहे. त्या रात्री पोहे मात्र दोन्ही घरांत झाले होते, सवयीने. दोन्ही घरांत ते म्हाताऱ्यांनीच खाल्ले आणि दोन्ही घरांत रात्रभर पित्त झालं.

कांदेपोह्यांचा हा रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही, हे पोहे खाताना आपण विसरतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी धाडला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, अशा मागण्या. सहा वर्षं झगडल्यावर १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंड्यांचं तिकीट काढलं, पण माझ्या मते त्यांची तसबीर महाराष्ट्रातल्या प्रत्येक वधू-वर मंडळात गणपतीच्या शेजारी लावायला हवी. रविवार नसता तर आपल्या आजोबांना आजीला बघायला जाण्यासाठी रजेचा अर्ज द्यावा लागला असता. तो नामंजूर झाला असता. मग तुम्ही-आम्ही कुठून होणार होतो?

लोखंड्यांची सूर्यास्ताची मागणीही आता चमत्कारिक रीतीने मान्य झालेली आहे. हिंजवडीतली कितीतरी मुलं आज सूर्यास्तालाच सुटतात. तो सूर्यास्त कॅलिफोर्नियातला असतो, एवढंच. तिकडे साहेबाची संध्याकाळ झाली की इकडे यांची कॅब सोसायटीच्या दारात लागते. दूधवाला वर चढत असतो, हे लिफ्टने वर जात असतात. तो 'गुड मॉर्निंग साहेब' म्हणतो आणि हे 'गुड नाइट' म्हणतात. दोघांचंही बरोबर असतं.

इतकं होऊन लग्न ठरलंच, तर पुढे तारीख. पूर्वी अडचणी पंचांगातल्या असत. चातुर्मास, पौष, गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त. पण पंचांगकर्ते व्यवहारी माणसं. अडल्यानडल्यांसाठी त्यांनी चातुर्मासातही मुहूर्त द्यायला सुरुवात केली. कंपन्यांचं पंचांग मात्र अजून कर्मठ आहे. मार्चअखेर वर्ज्य. प्रत्येक तिमाहीचा शेवटचा पंधरवडा वर्ज्य. अप्रेझलच्या आधीचा महिना तर सोवळ्यात काढायचा, त्या काळात रजा हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. शुभ काळ एकच, डिसेंबरचा शेवट, कारण तेव्हा परदेशातले साहेब नाताळाला घरी जातात. म्हणून त्या आठवड्यातल्या मुहूर्तांना पुण्यात कार्यालय मिळता मिळत नाही. उभयपक्षांचे कुलस्वामी वेगवेगळे असले तरी तारीख येशू ख्रिस्ताच्या कृपेने ठरते.

बरं, रजा मंजूर झाली म्हणजे नवरदेव सुटला असंही नाही. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात दुसरं मंगलाष्टक चालू असताना नवरदेवाच्या शेरवानीचा खिसा थरथरायला लागला. पाचव्या आवर्तनाला मावसभावाने खिशात हात घालून फोन काढला आणि तोंडावर हात धरून सांगितलं, 'ही इज गेटिंग मॅरिड.' पलीकडून आलेला आवाज पहिल्या तीन रांगांनी ऐकला, 'ओके, ओन्ली टू मिनिट्स.' अंतरपाट धरलेल्या मामाने डोळे वटारले. भटजी अनुभवी होते, त्यांनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं. समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आजचा नवरदेव पळालाच तर तो जंगलाकडे जाणार नाही, लॅपटॉप ठेवलेल्या वरपक्षाच्या खोलीकडे जाईल.

कामाचे तास नेमके किती असावेत यावर मधल्या काळात थोरामोठ्यांची चर्चा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम केलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. त्यांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा सवाल टाकला. त्यावर आनंद महिंद्रा यांनी आपली बायको छान आहे आणि आपल्याला तिच्याकडे बघायला आवडतं, असं भर सभेत सांगून टाकलं. देशातल्या अनेक बायकांनी त्या दिवशी आपापल्या नवऱ्यांना ती बातमी पाठवली. काही नवऱ्यांनी ती रात्री उशिरा, ऑफिसातून, वाचली.

उद्योगपतींचं एकमत होईपर्यंत मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. त्यातून ९० गेले, उरले ७८. रोज आठ तास झोप, म्हणजे ५६. उरले २२. घर ते ऑफिस आणि परत, वाकडच्या पुलाखालचा मुक्काम धरून, रोज दोन तास. (पुणेकर हसतील, पण मी उदार मनाने धरले आहेत.) सात दिवसांचे १४. उरले ८. या आठ तासांत आठवड्याभराची आंघोळ, जेवण, दाढी, बँकेचं केवायसी, सोसायटीची सभा आणि आईला फोन. रोजचा सव्वा तासही होत नाही. बायकोकडे किती वेळ बघणार हा प्रश्न असा परस्पर सुटतो. बायकोही तितकीच नोकरी करत असेल तर तिचा सव्वा तास आणि याचा सव्वा तास एकाच वेळी यायला दोघांच्या पत्रिकेत राजयोग लागतो. छत्तीस गुण जमणं त्यापेक्षा सोपं.

इथे माझ्या वयाची मंडळी हमखास मध्ये बोलतात. 'आम्ही नाही का कामं केली? आमच्या वडिलांनी तीन पाळ्यांत गिरणी केली आणि पाच पोरं वाढवली!'

पोरं वाढली, ते खरं. वडिलांनी वाढवली, हे तपासून घ्यावं लागेल. परळ-लालबागच्या एकेका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहायचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर वळकटी पसरायची. जेवण खानावळीत. बायको कोकणात नाहीतर घाटावर, सासूसासऱ्यांपाशी. चाकरमानी गणपतीला जायचा, शिमग्याला जायचा, एरवी मनीऑर्डर जायची. मधल्या काळात पोरगं बसायला, रांगायला, चालायला लागायचं आणि बापाला ते पोस्टकार्डावर कळायचं. शाळेत नाव घालायची वेळ आली की जन्मतारीख कोणालाच आठवायची नाही. मग गुरुजी १ जून टाकायचे. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेली आहे.

ती पोरं वाढवली गावी राहिलेल्या बाईने. शेत, गुरं, पाणी, चूल, सासू हे सगळं उरकून. तिच्या कामाचे तास कुणी मोजले नाहीत. मोजले असते तर आठवड्याला नव्वद हा आकडा ऐकून तिने विचारलं असतं, 'मग उरलेला वेळ काय करायचं?' गिरणीच्या लांबलचक पाळ्या संसाराला झेपल्या त्या अशा, घरी एक माणूस पगाराशिवाय, रजेशिवाय, अष्टौप्रहर कामावर होतं म्हणून. आता ते माणूस शिकलं, कमावतं झालं आणि रात्री साडेनऊला स्वतःच कॉलवर बसलं आहे. ते बरंच झालं. पण घरची पाळी रिकामीच राहिली आणि तिथे हजर व्हायला पुरुष अजून तयार नाही. तयार असला तरी सुटत नाही.

'आम्ही आहोत की,' असं आजी-आजोबा म्हणतात. म्हणतात आणि मे महिन्यात युरोपची सहल नोंदवून येतात. त्यांना दोष देता येत नाही. त्यांनीही जन्मभर सकाळची आठ-अकराची लोकल धरून नोकऱ्याच केल्या.

माझ्या शेजारी एक तरुण जोडपं राहतं. ती बँकेत, तो अमेरिकेच्या घड्याळावर. संध्याकाळी साडेसातला ती दमून येते, तेव्हा तो कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत. पहाटे तो आडवा होतो, तेव्हा तिचा गजर होतो. भांडण म्हणाल तर अजिबात नाही. भांडायला दोघं एकदम जागी असावी लागतात. संसार सगळा फ्रिजच्या दारावर लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर चालतो. दूध तापवलंय. इस्त्रीवाल्याचे ऐंशी द्यायचेत. पनीर आज संपव, वास येतोय. एकदा त्यांची वाटी परत द्यायला गेलो होतो. ती वाटी बघून त्यात काय होतं हे आठवत असताना माझी नजर फळ्यावर गेली. गॅस-बुकिंगच्या नंबराखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाळ?' त्याखाली त्याच्या अक्षरात, 'हो, चालेल. एप्रिलनंतर बोलू.' आणि त्याखाली पुन्हा तिचं, 'कोणत्या?'

एप्रिलनंतर, कारण एप्रिलात अप्रेझल. अप्रेझलमध्ये बढती मिळाली की नव्या जागेवर वर्षभर तरी पाय रोवायला हवेत. म्हणजे पुढचा एप्रिल. त्या एप्रिलात फ्लॅटचा ताबा. त्यानंतर हप्ता चालू झाला, आता एक पगार सहा महिने डळमळून चालायचा नाही. २०१७ मध्ये कायदा सुधारला आणि बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. चांगलं झालं. पण सव्वीस आठवड्यांनी परत येऊ तेव्हा आपल्या खुर्चीवर कोण बसलेलं असेल, ही धास्ती कुठल्या कलमात बसत नाही. नवऱ्याची रजा म्हणाल, तर केंद्र सरकारचा नोकर असेल तर १५ दिवस. खासगीत असेल तर कायदा गप्प, कंपनीच्या मनात येईल ते. थोडक्यात, कायद्याच्या लेखी बाप हा फार तर पंधरा दिवसांचा पाहुणा. एवढ्या मुदतीत त्याला लंगोट बांधायला तरी येतो की नाही, शंकाच आहे.

ज्यांनी एप्रिलची वाट बघितली नाही त्यांची गाठ पाळणाघराशी. आमच्या गल्लीतल्या पाळणाघराच्या काकू सातला दार लावतात, असं पाटीवर लिहिलेलं आहे. सात वाजून पाच मिनिटांनी एका आईचा फोन येतो, 'काकू, फक्त दहा मिनिटं, पुलापाशी आहे.' सात वाजून दहाला त्याच मुलाच्या बापाचा येतो, 'काकू, ती पोचतेच आहे.' दोघंही एकाच पुलाखाली, एकमेकांच्या पुढेमागे, वेगवेगळ्या गाड्यांत असतात. काकूंनी ही वाक्यं इतकी ऐकली आहेत की त्या साडेसहालाच त्या पोराला गुरगुट्या भात भरवून मोकळ्या होतात. मध्ये एकदा पाळणाघरातल्या नव्या बाईंनी त्याला सहज विचारलं, 'तुझे बाबा काय करतात रे?' पोराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, 'ऑन द वे.'

हे सगळं बघताना मला र. धों. कर्व्यांची आठवण येते. या गृहस्थांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, समाजाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. पुढे सरकारने कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला. एवढा खर्च आणि एवढी मनुष्यहानी करून जे साधायचं होतं, ते आता रात्री अकराचा एक कॉल फुकटात साधून देतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो २.१ लागतो. या उताराचं सगळं श्रेय ऑफिसांना देऊन टाकणं बरोबर नाही. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, साधनं हाताशी आली, घरं आणि शाळा आवाक्याबाहेर गेल्या. मूल नकोच, असं विचारपूर्वक ठरवणारेही आहेत. तो त्यांचा हक्क आहे आणि कर्व्यांना त्याचा आनंदच झाला असता. त्यांचं भांडण एवढ्यासाठीच होतं की मूल व्हायचं ते इच्छेने व्हावं. मग न व्हायचं तेही इच्छेनेच असायला हवं. साहेबाच्या इच्छेने नव्हे. माझा जीव तुटतो तो ज्यांना हवं आहे, आणि 'एप्रिलनंतर' म्हणता म्हणता ज्यांची चाळिशी उजाडते, त्यांच्यासाठी.

हे दुखणं लॅपटॉपवाल्यांचंच आहे असंही नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली. बारा तासांच्या ड्युटीची कधी झाली नव्हती. सरकारी रुग्णालयातली निवासी डॉक्टर सलग दिवस-रात्र उभी राहून दुसऱ्यांची बाळंतपणं करते. तिला स्थळ सांगून आलं की ती विचारते, मुलगा कुठल्या वॉर्डात आहे, कारण दुसऱ्या इमारतीतला असला तर भेट होणं कठीण.

'मग ज्याला वेळ आहे असा मुलगा बघा की,' असं मी मुलींच्या आयांना सुचवून पाहिलं. त्या एका सुरात म्हणाल्या, 'शेतीवाला नको.' डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला आणि आमची लग्नं जमवा म्हणून निवेदन दिलं. लोक हसले. त्यात हसण्यासारखं थोडंच होतं. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, तो हिशेब कधीतरी दारात येणारच होता. पण शेतकऱ्याला वेळच वेळ असतो हा मात्र शुद्ध शहरी गैरसमज. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की तो बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला उभा. म्हणजे त्याचीही नाइट शिफ्टच. आयटीवाल्याला न्यायला कॅब येते, याला न्यायला बिबट्या.

हा रस्ता पुढे कुठे जातो हे बघायचं असेल तर पूर्वेकडचे शेजारी आहेतच. दक्षिण कोरियाचा प्रजनन दर २०२३ मध्ये ०.७२ वर आला. म्हणजे दोन माणसांमागे पुरतं एक मूलही नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारला सुचलं की आठवड्याच्या कामाची मर्यादा ५२ तासांवरून ६९ पर्यंत वाढवू या. तरुणांनी असा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली. जपानमध्ये २०२४ साली जन्मलेली मुलं पहिल्यांदाच सात लाखांच्या खाली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियोच्या महानगर सरकारने चक्क स्वतःचं लग्न जुळवायचं ॲप काढलं. अविवाहित असल्याचा दाखला द्या, उत्पन्नाचा कागद द्या, मुलाखत द्या, मग नाव नोंदवा. ही बातमी मी मंडळात वाचून दाखवली, तर आमच्या सचिव काकू म्हणाल्या, 'म्हणजे शेवटी सरकारलाच मंडळ काढावं लागलं ना? आणि उत्पन्नाचा कागद आम्ही मागितला की म्हणे आम्ही भोचक!'

पण टोकियोकरांना पुढची अक्कलही आली. एप्रिल २०२५ पासून त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यात तीन दिवस सुट्टी घ्यायची मुभा दिली. माणसाला रात्रीपर्यंत ऑफिसात डांबायचं आणि मग सरकारी खर्चाने त्याच्यासाठी बायको शोधायची, यापेक्षा त्याला सहाला सोडलं तर तो स्वतःच शोधतो, हे त्यांना उशिरा का होईना पटलं.

आपण त्याच रस्त्याने, पण उलट्या तोंडाने निघालो आहोत. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असं त्यावर सांगण्यात आलं. बारा तास भरले की ज्याला कुणी खरोखर घरी सोडेल, त्याने मला कळवावं, त्याचा अर्ज मी फुकट लावून देईन. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट बघायला आमच्या उमेदवारांना वय नाही. म्हणून मी मंडळाच्या गेल्या सभेत ठराव मांडला, की अर्जात एक नवा रकाना घालावा, 'घरी येण्याची वेळ (सरासरी)'. अध्यक्ष म्हणाले, 'लोक खोटं लिहितील.' मी म्हटलं, 'उंची खरी लिहितात का?' यावर थोडी शांतता पसरली, कारण अध्यक्षांच्या चिरंजीवांची उंची आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. विरोध कुणाचा नव्हता, गणसंख्या भरत नव्हती. निम्म्या सभासदांची मुलं-सुना मीटिंगमध्ये होत्या आणि नातवंडं सभासदांच्या मांडीवर.

तेव्हा उपवर मुलामुलींच्या आईबापांनो, आम्ही रकाना छापू तेव्हा छापू, तोवर तुम्ही तोंडाने विचारा. पॅकेज विचारू नका, ते समोरचे आपणहून सांगतात. गाडी विचारू नका, ती दारात दिसते. मुलाला विचारा आणि मुलीलाही विचारा, संध्याकाळी घरी किती वाजता येता. उत्तर द्यायला जो वेळ लावेल, त्याच्या घरची आत्ताची संध्याकाळ एकदा बघून या. आणि तुमच्यापैकी जे कोणी ऑफिसात साहेब असतील, त्यांनी जावई शोधताना हे विचारायच्या आधी उद्या संध्याकाळी आपल्या हाताखालच्या माणसांना सहाला घरी सोडून बघावं. तीही कुणाची तरी स्थळं आहेत.